उधन्याच्या देवळातील तेलुगू गाणे

यंदाच्या पौष वद्य पंचमीला आम्ही उधन्यात होतो. मराठी शाळांच्या प्रश्नावर काही पालकांची गाठ घ्यावी, एवढाच त्या फेरीचा हेतू होता. सायंकाळ मात्र एका देवळातील दाक्षिणात्य शास्त्रीय गायनात गेली. सीमाप्रश्न आणि भाषाहक्क यांवर लिहिणाऱ्याने कर्नाटक संगीताच्या मैफलीसाठी लेखणी का झिजवावी, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. संगीतातले आम्हांस फारसे कळत नाही, हेही आरंभीच कबूल करतो. परंतु त्या तीन तासांत भाषेविषयी जे दिसले, ते परिषदांच्या व्यासपीठांवर वर्षानुवर्षे बसूनही आम्हांस दिसले नव्हते.

नंदुरबारहून उधन्याला जाणारा लोहमार्ग सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांस परिचित आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ही गाडी सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून अमळनेरपर्यंत आली. आधी खानदेशचा कापूस त्या वाटेने सुरतेकडे गेला, मागाहून खानदेशची माणसे गेली. वाटेत नवापूर लागते. त्या स्थानकाच्या मधूनच राज्यांची सीमा गेली आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, आणि उद्घोषणा चार भाषांत. १ मे १९६० रोजी नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे कशी गेली, डांग आणि उंबरगाव कसे गेले, हा इतिहास या पानांवर पुष्कळदा आला आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. भूमी गेली ती कागदावरच्या रेषेने. माणसे गेली ती पोटाच्या वाटेने, आणि ती अजून जातच आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी कानी पडल्यावाचून राहत नाही. श्रावणात तेथे कानबाई बसते, रोट होतात, गाणी होतात. ती गाणी ऐकताना आपण तापीच्या कोणत्या टोकाला उभे आहोत हे क्षणभर विसरायला होते.

त्याच गल्ल्यांत ओडिया आहे आणि तेलुगूही आहे. तेलंगणातील पद्मशाली विणकर सोलापूर, भिवंडी आणि सुरत या तिन्ही ठिकाणी मागांच्या मागे आले. तेलंगण वेगळे होऊन दशक उलटले, तरी उधन्यात त्यांना अजून ‘आंध्रावाले’च म्हणतात. ‘माग’ हा शब्द आपण इतका आपला मानतो की त्याच्या कुळाची चौकशी कधी करीत नाही. कन्नडात तो ‘मग्ग’, तेलुगूत ‘मग्गम्’. उधन्यात मात्र माग कोणी म्हणत नाही. मराठी, तेलुगू, ओडिया, गुजराती सगळेच ‘लूम’ म्हणतात. वस्तूची मूळ नावे ज्यांच्या घरात होती, त्या सर्वांनी मिळून तिचे इंग्रजी नाव स्वीकारले, कारण एकमेकांची नावे शिकण्याची गरज कोणाला पडली नाही.

देवळाचे नाव येथे देत नाही. गाळ्यांच्या दोन रांगांमध्ये, मागांचा खडखडाट सभामंडपापर्यंत येतो अशा जागी ते आहे. पौष वद्य पंचमी हीच तेलुगू पंचांगातील पुष्य बहुळ पंचमी. मराठी आणि तेलुगू लोकांचे महिने अमावास्येला संपतात, शकही दोघांचा शालिवाहनाचा. आपला पाडवा तोच त्यांचा उगादी. त्यामुळे तिथी सांगताना आम्हां उभयतांत कधी घोटाळा होत नाही. या पंचमीला, ६ जानेवारी १८४७ रोजी, त्यागराजांनी कावेरीकाठच्या तिरुवैयारू येथे देह ठेवला. दरवर्षी त्या दिवशी तिरुवैयारूला त्यांची आराधना होते, आणि दक्षिणेची माणसे जेथे जेथे गेली तेथे तेथे यथाशक्ति एखादी बैठक होते. उधन्याची बैठक त्यांपैकीच एक.

पुढच्या सतरंजीवर हजिऱ्याच्या कारखान्यांत अधिकारपदावर असलेली कुटुंबे बसली होती: तमिळ, मलयाळी, काही तेलुगू. वर्गणीचा मोठा वाटा त्यांचा होता आणि गायिकेला बोलावण्याची खटपटही त्यांचीच. मागे खांबांपाशी, भिंतीला टेकून, देवळाचे खरे मालक म्हणजे विणकर आणि त्यांच्या घरच्या बायका. आणखी मागे, चपलांच्या राशीजवळ, आमच्यासारखे पाहुणे: आमचे मावसभाऊ आबा, त्यांचा नातू आणि आम्ही. अशी व्यवस्था कोणी ठरवून केली नसावी. देवळात माणसे आपापली जागा आपणच ओळखतात.

गायिका मध्यमवयीन होत्या. साथीला व्हायोलिन आणि मृदंग, श्रुतीसाठी लहानशी विजेची पेटी. आरंभी वर्णम् झाले. पाठोपाठ मुत्तुस्वामी दीक्षितांची, हंसध्वनीतील वातापिगणपतीवरची संस्कृत कृती. वातापी म्हणजे आपली बदामी. सीमाभागातल्या माणसाला तेवढ्यानेही बरे वाटते. नंतर त्यागराजांच्या कृती सुरू झाल्या. पुढची ओळ हातांवर ताल मोजू लागली. आदितालाच्या आठ मात्रा कशा मोजतात हे आम्ही तेव्हा प्रथमच लक्षपूर्वक पाहिले: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, पुन्हा टाळी आणि उलटा हात, टाळी आणि उलटा हात. आपल्याकडे ठेक्याचा हिशेब श्रोता तबल्यावर सोपवून मोकळा होतो. तेथे प्रत्येक जाणता श्रोता आपला हिशेब आपण ठेवतो. आबांच्या नातवाला हा खेळ फार आवडला. दोन कृतींत त्याला तो जमलाही.

प्रत्येक कृतीपूर्वी गायिका राग, ताल आणि रचनाकाराचे नाव सांगत. सांगत इंग्रजीतून. तेलुगू गाणे, तेलुगू विणकरांच्या देवळात, गुजरातच्या भूमीवर, आणि परिचय इंग्रजीत! त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. समोर तमिळ होते, मलयाळी होते, मागे कोण बसले आहे ते दिव्यांच्या झगमगाटात दिसत नसावे. सर्वांना समजेल अशी भाषा त्यांनी निवडली, आणि या ‘सर्वां’तून देवळाचे मालक तेवढे वगळले गेले.

मुख्य कृती कल्याणी रागात होती. कल्याणी म्हणजे आपला यमन, त्यामुळे आमच्याही कानांना पाय टेकायला जागा मिळाली. आलाप बराच वेळ चालला. पुढच्या ओळीत माना डोलू लागल्या, कोणी हलकेच ‘भेष्’ म्हणाले. मागे खांबाशी बसलेल्या एक वृद्ध बाई मात्र आलापात निश्चल होत्या. पुष्कळ वर्षे कांड्या भरून बोटे वाकलेली. आलाप संपला, शब्द सुरू झाले, आणि त्या एकदम सावरून बसल्या. त्यांचे ओठ हलू लागले. एका जागी गायिका तीच ओळ फिरवून फिरवून गाऊ लागल्या, ज्याला ते लोक निरवल म्हणतात. पुढची ओळ स्वरांची नवी नवी वळणे पाहत होती, आणि या बाई प्रत्येक फेऱ्याला त्या शब्दांना मान देत होत्या. शेजारच्या घरचे भांडण ऐकताना आपण ‘खरं आहे, खरं आहे’ म्हणून देतो, तशी. त्यागराजांची तेलुगू पुष्कळ ठिकाणी घरगुती आहे. रामाशी ते रुसतात, त्याला जाब विचारतात, टोमणे मारतात. ते बोलणे त्या बाईंना कळत होते. पुढच्या ओळीतल्या कित्येकांना राग कळत होता, त्याचे बारकावे कळत होते. शब्दांचा अर्थ विचारला असता तर ते भक्तिपर आहेत एवढेच सांगता आले असते. हे आम्ही अनुमानाने लिहीत नाही. शेजारच्या एका सद्गृहस्थांना आम्ही विचारले. ते हसून म्हणाले, “तेलुगू मुझे कहाँ आती है? पर बचपन से सुनता हूँ।”

राग पुढच्या ओळीला कळत होता, शब्द मागच्या ओळीला. आणि या दोहोंच्या मध्ये खेळणारी विणकरांची नातवंडे हिंदीत बोलत होती.

त्यागराजांच्या स्वतःच्या आयुष्यात भाषांची मांडणी कशी होती, हे आमच्या वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावे, कारण तीत आपलाही वाटा आहे. त्यांचे घराणे काकर्ल हे आडनाव लावणारे, मूळचे आंध्रातले. घरात तेलुगू, रस्त्यात तमिळ, पूजेत संस्कृत, आणि ज्या राज्यात ते राहत होते त्याचा दरबार मराठी. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावर भोसल्यांकडे होते. १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजीराजांनी तेलुगूत नाटके लिहिली, मराठीतही लिहिली, आणि पाच भाषांची पात्रे एकत्र आणणारे ‘पंचभाषाविलास’ही लिहिले. पुढे तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संगीतशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यागराजांचे समकालीन दुसरे सरफोजी. त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. सरफोजींनी त्यागराजांना दरबारात गाण्यास बोलावले आणि त्यांनी ते नाकारले, अशी आख्यायिका आहे. आपण मराठी माणसे ही आख्यायिका ऐकताना थोडे ओशाळतो. तसे ओशाळण्याचे कारण नाही. राजा मराठी, प्रजा तमिळ, आणि राज्यातला सर्वांत मोठा वाग्गेयकार तेलुगूत गातो. त्याने मराठीत वा तमिळमध्ये गावे असे फर्मान निघाल्याचे कोणी सांगत नाही. आजच्या कोणत्याही राज्य सरकारच्या भाषाखात्याला हा धडा थोडा जड जाईल, महाराष्ट्राच्यादेखील.

पण त्याच तंजावरची दुसरी बाजू आहे. भिंतीवरचा मराठी लेख आजही आहे. सरस्वती महालात मोडीची दफ्तरे आहेत. दक्षिणेच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद आपल्या कीर्तनकारांमुळे गेले. तंजावरच्या कृष्ण भागवतांनी ते तमिळ कथेत असे मुरविले की आज ऐकणाऱ्याला ते परके वाटत नाहीत. भाषा मात्र राज्याबरोबर दरबारातून गेली आणि काही घरांपुरती उरली. त्या घरांत ती अजून बोलतात, तमिळच्या वळणाने, प्रेमाने बोलतात, लिहिणारे थोडे. दगड राहिला, छंद राहिला, चाल राहिली. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर मिळण्याची सोय राहिली नाही.

येथे कोणी म्हणेल, संगीताला भाषा नसते, मग हा काथ्याकूट कशाला? हा युक्तिवाद जुना आहे आणि मद्रासेत तो एकदा चांगलाच गाजला आहे. १९४०च्या आसपास राजा अण्णामलै चेट्टियार यांच्या पुढाकाराने तमिळ इसै चळवळ उभी राहिली. १९४३ मध्ये तमिळ इसै संगम् स्थापन झाला. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. तमिळ देशात, तमिळ श्रोत्यांसमोर, तीन तासांच्या मैफलीत मुख्य भाग तेलुगू आणि संस्कृत कृतींचा, आणि तमिळ पदे शेवटी, लोक चपला शोधू लागल्यावर. विरोधकांनी सांगितले की संगीतात स्वर प्रधान, भाषा गौण. आम्हांस हे उत्तर कधीच पटलेले नाही. भाषा खरोखर गौण असेल तर तमिळ गाण्याने बिघडते काय? जेथे भाषा गौण ठरते तेथे ती नेहमी दुसऱ्याचीच गौण ठरते. राजाजी आणि कल्कींसारखी माणसे या चळवळीच्या बाजूने उभी राहिली याचे आम्हांस नवल वाटत नाही. त्या वादात काहींनी तेलुगूवर आणि त्यागराजांवर आग पाखडली, ती मात्र अनाठायी होती. आपल्या भाषेला जागा मागताना दुसरीचा पाट काढून घ्यावा लागत नाही. मैफल थोडी लांबवावी लागते, इतकेच.

मृदंगाचे स्वतंत्र वादन सुरू झाले तेव्हा पुष्कळ मंडळी उठली. त्या वेळी चहा घ्यायला बाहेर पडण्याची तेथे रीतच आहे म्हणतात. मृदंगवादकाला काय वाटत असेल कोण जाणे! आम्ही पायरीवर उभे राहिलो. मागांची पाळी बदलण्याची वेळ झाली होती. रात्रपाळीची चार-पाच माणसे देवाला हात जोडून, प्रसाद न घेताच निघून गेली. बारा तासांची पाळी होती. ज्यांनी आम्हांस बोलावले होते ते मास्तर चहा घेऊन आले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, लूमवरचे. त्यांचे मराठी भिवंडीचे.

“साहेब, भिवंडीला दहा वर्षं माग चालवला. मराठी तिथंच शिकलो. इथं आलो तर लोक म्हणाले, मराठी येते म्हणजे तू खानदेशी.”

आम्ही त्यांच्या नातीची चौकशी केली. बैठकीच्या आरंभी तिने एक लहानशी कृती गायिली होती, आणि फार स्वच्छ गायिली होती. मास्तरांनी तिची वही दाखविली. कृती सगळी देवनागरीत उतरविलेली.

“घरात बोलते थोडं. लिहायला नाही येत. वाचायला पण नाही. हिंदी अक्षरात लिहून पाठ केलंय.”

“अर्थ?”

“तो आजीला माहीत.” त्यांनी मघाच्या त्या वृद्ध बाईंकडे बोट दाखविले. त्यांच्या मातोश्रीच त्या.

सुरतेला एक श्रेय दिलेच पाहिजे, आणि सीमेकडच्या लोकांनी ते मोकळेपणाने द्यावे. तेथील नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशी माध्यमे आहेत. महाराष्ट्रातील किती महानगरपालिका असे म्हणू शकतील ते त्यांनी सांगावे. पण माध्यम असणे आणि वर्गात मुले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी आम्ही ज्या पालकांना भेटलो ते सगळे मराठीवर प्रेम करणारे होते. कानबाईची गाणी त्यांच्या मुलींना येतात, हरिपाठ तोंडपाठ आहे, आणि मुले इंग्रजी वा हिंदी माध्यमात आहेत. आबांना आम्ही पायरीवर पुन्हा छेडले. ते अहिराणीतच म्हणाले, “भाऊ, पोऱ्यासले मराठी शाळामा टाकीसन काय करू? पुढे कालेजमा कोनी इचारस का?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते असल्याचा बहाणा आम्ही केला नाही. आजवर आम्ही अशा माणसांना अस्मितेची भाषणे ऐकवली. ती ऐकून ते टाळ्या वाजवतात आणि सोमवारी मुलाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवतात. चूक त्यांची नाही. पोटाचा हिशेब त्यांना आमच्याहून बरा कळतो. चूक असलीच तर ती आमच्यासारख्या चळवळ्यांची: आम्ही त्यांच्यापुढे एकच दार ठेवले, सगळे शिक्षण मराठीत किंवा काहीच नाही, आणि त्यांनी ‘काहीच नाही’चे दार घेतले.

त्या पायरीवर आम्हांस जे सुचले ते येथे मांडतो. वाचकांनी त्यावर भांडावे.

राज्यघटनेच्या कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा यत्न राज्याने व स्थानिक संस्थांनी करावयाचा आहे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे कलम आले, म्हणजे भाषावार राज्ये करणाऱ्यांनीच ते आणले. रेषा ओढताना काही माणसे पलीकडे राहणार हे त्यांना ठाऊक होते. या कलमाच्या आधारे आपण उधन्यात मराठी वर्ग टिकविण्याची मागणी करतो, ती करीत राहूच. परंतु ती एकट्याने करण्यात आता अर्थ दिसत नाही. मास्तरांच्या नातीचा प्रश्न तोच, ओडिया विणकराच्या मुलाचा तोच. तिघांनी मिळून मागावे, आणि दोन गोष्टी मागाव्यात: जेथे मातृभाषेचा वर्ग चालू आहे तेथे तो पटसंख्येचे कारण पुढे करून मोडू नये, आणि जी मुले अन्य माध्यमात गेली आहेत त्यांना त्याच शाळेत आठवड्यातून काही तास आपली लिपी आणि आपले वाचन शिकता यावे. दुसरी मागणी आमच्या कित्येक सहकाऱ्यांना तडजोड वाटेल. वाटो. वहीतली देवनागरी तेलुगू पाहिल्यावर आम्हांस ती तडजोड वाटत नाही.

आणि मग हीच मागणी घेऊन आपल्याला सोलापुरात आणि भिवंडीत तेलुगू मुलांसाठी उभे राहावे लागेल. तेथे आपण बहुसंख्य आहोत. सीमेच्या एका बाजूला हक्क मागायचा आणि दुसऱ्या बाजूला ‘महाराष्ट्रात राहायचे तर’ हे पालुपद ऐकवायचे, हे फार दिवस चालणार नाही. आपली बाजू ऐकणारे लोक मूर्ख नसतात.

आम्ही आत परतलो तेव्हा मृदंग संपून हलकी पदे सुरू झाली होती. गायिकांनी पुरंदरदासांचे एक कन्नड पद घेतले. बेळगाव-निपाणीच्या वाचकांना ‘कन्नड’ या शब्दासरशी जे आठवते ते आम्हांसही आठवते. मोर्चे, फलक, लाठ्या, काढून टाकलेल्या पाट्या. पण पदाच्या शेवटी दासांची मुद्रा आली आणि तीत विठ्ठल आला. चपलांच्या राशीजवळची आमची सगळी रांग एकदम ताठ झाली. आबांनी हात जोडले. आबांना कन्नड येत नाही, पुरंदरदास सोळाव्या शतकातले की अठराव्या हे त्यांना ठाऊक नाही. त्यांचा देव कोणी पुकारला एवढे त्यांना कळले. गदगचे भीमसेन जोशी दासांची पदेही गात आणि तुकोबांचे अभंगही, आणि त्यांच्या मुखी दोन्ही विठ्ठल एकच होते. सक्तीच्या कन्नडशी आमचे भांडण आहे आणि राहील. पुरंदरदासांच्या कन्नडशी ते कधी नव्हते, आणि हे आपण मोठ्याने सांगत नाही ही आपली उणीव.

मग एक अभंग झाला. दक्षिणेच्या भजनसंप्रदायात अभंगाला मानाची जागा आहे आणि अलीकडे बैठकीतही तो हमखास असतो. चाल सुरेख, लय अंगात येणारी. उच्चार मात्र अडत होता. मराठीत दोन ‘च’ आहेत, चिमणीतला आणि चमच्यातला. लिहितो एकच, बोलतो दोन. गायिकांना एकच ठाऊक होता, त्यामुळे ‘चोर’ असले शब्द यावेत तेथे आमच्या कानांना दर खेपेस ठेच लागावी अशी स्थिती. आबांचा नातू खुदकन हसला. आम्ही त्याला डोळ्यांनी दटावले, आणि दटावताना मनात आले की मास्तरांच्या मातोश्री मघा तीन तास असेच काही सोसत बसल्या असतील. तमिळ जिभेवरच्या तेलुगूला त्या काही हसल्या नाहीत.

शेवटी मंगळम्. त्यागराजांचे ते मंगळ सौराष्ट्र रागात आहे. गुजरातेत बसून सौराष्ट्र रागातले तेलुगू मंगळ ऐकताना आम्हांस दोन गोष्टी आठवल्या. मंदसोरच्या पाचव्या शतकातील शिलालेखात लाट देशातून, म्हणजे याच दक्षिण गुजरातेतून, रेशमाचे विणकर दशपुरास जाऊन राहिल्याचे आणि त्यांनी तेथे सूर्यमंदिर उभारल्याचे वर्णन आहे. विणकर जातो तेथे देऊळ बांधतो, ही गोष्ट दीड हजार वर्षांची जुनी आहे. तेव्हा ते येथून गेले, आता येथे आले. दुसरी गोष्ट त्याहून चकित करणारी. गुजरातेतून दक्षिणेत गेलेल्या विणकरांचा सौराष्ट्री समाज आजही मदुरैत आहे आणि घरात आपली सौराष्ट्री बोलतो. त्यागराजांचे पट्टशिष्य वालाजापेट वेंकटरमण भागवत याच समाजातले. गुरूच्या कृती लिहून ठेवून त्या पुढच्या पिढ्यांच्या हाती देण्याचे मोठे काम त्यांनी केले. ते कागद पुढे मदुरैच्या सौराष्ट्र सभेत जपले गेले. एका विणकर समाजाच्या माणसाने तेलुगू कृती लिहून ठेवल्या, म्हणून त्या उधन्याच्या विणकरांच्या देवळापर्यंत पोचल्या. लिहून ठेवल्या, हे त्यातले मुख्य.

आरती झाली, चिंचेच्या भाताचे द्रोण फिरले. आजीबाई नातीला जवळ घेऊन काही सांगत होत्या. मास्तर हसत आमच्याकडे वळले. “ती ‘मंगलम्’ म्हणाली, म्हणून आई रागावली. ‘मंगळम्’ म्हण म्हणते.”

तेलुगूत ‘ळ’ आहे. तमिळ, कन्नड, मलयाळम, ओडिया, गुजराती, मराठी, सर्वांत आहे. उधन्यात राहणाऱ्या बहुतेकांच्या मातृभाषेत तो आहे, आणि उधन्याच्या रस्त्यावरच्या हिंदीत तो नाही. म्हणून मुलांच्या तोंडून जातो आहे. आम्ही हे मोठ्या आवेशाने आबांना समजावून सांगू लागलो. आबा शांतपणे भात खात म्हणाले, “भाऊ, आपली अहिराणीमा तरी ‘ळ’ कोठे शे? आपन डोयाच म्हनतस.”

खरे होते. डोळ्याला डोया म्हणाला म्हणून लहानपणी आबांनी मराठी शाळेत छडी खाल्ली होती. आम्ही त्याच बाकावर होतो आणि हसलो होतो. तिकडे आजीबाई आपल्या वाकलेल्या बोटाने स्वतःच्या टाळूकडे खूण करून जीभ कोठे लावायची ते नातीला दाखवीत होत्या. आबांचा नातू ते पाहत उभा होता. तोही हळूच जीभ मागे वळवून पाहू लागला.